मदत हवी आहे : नवी इलेक्ट्रिक गाडी, पहिला लांबचा प्रवास, चार्जिंगचे थांबे

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी बुक केली आहे, हातात यायला तीन आठवडे आहेत. पहिलाच मोठा प्रवास ४२० किलोमीटरचा, सोबत आई. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे दर दोन तासांनी थांबायचंच आहे. तेच थांबे चार्जिंगला जुळावेत एवढी धडपड.

माझा हिशेब तपासाल का? बॅटरी ५० युनिटची. महामार्गावर १०० किलोमीटरला १७-१८ युनिट धरले. घरून १०० टक्के भरून निघालो आणि १० टक्क्यांखाली जाऊ दिली नाही, तर ४५ युनिट, म्हणजे अडीचशे किलोमीटर. मधल्या थांब्यावर ८० टक्क्यांपर्यंतच भरणार, कारण त्यापुढे डीसी चार्जिंग (महामार्गावरचं जलद चार्जिंग) फार मंदावतं. तिथून पुढे २०० किलोमीटर.

कागदावर एक थांबा पुरतो. पण दुसऱ्या टप्प्यात ६०० मीटरचा चढ आहे. गाडी आणि माणसं मिळून १९०० किलो धरलं, तर नुसती उंची गाठायलाच तीन-साडेतीन युनिट जादा लागतात असं गणित येतं. उतारावर रीजनमधून (वेग कमी होताना मोटर बॅटरीत वीज परत भरते त्यातून) त्यातलं प्रत्यक्षात किती परत मिळतं?

आणि खरी काळजी ही, की पोहोचल्यावर चार्जर बंदच निघाला तर? पुढचा चार्जर ४० किलोमीटरवर आहे. तुम्ही किती टक्के शिल्लक ठेवून पोहोचता? अ‍ॅपवर चार्जर ‘उपलब्ध’ दिसतो, त्यावर विसंबता की आधी फोन करता? आई सोबत असताना रस्त्यात अडकायचं नाहीये. अनुभव असेल त्यांनी जरूर सांगा.