एस्प्रेसो मशीनच्या पोर्टाफिल्टरच्या कडेनं पाणी गळतंय. नुसतं गॅस्केट (रबरी रिंग) बदलून भागेल का?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. कॉफीचं मशीन गॅजिया क्लासिक, ५८ मिमीचा ग्रुप (पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचा दांडा असलेला भाग, जिथं अडकवतात ते तोंड). शॉट (कपात कॉफी उतरणं) चालू असताना पोर्टाफिल्टरच्या कडेनं पाणी झिरपून कपाच्या बाहेर ओघळतं. दांडा पूर्वी बरोबर समोर थांबायचा, आता बराच उजवीकडे जातो. शिवाय शॉट संपल्यावर चोथ्याची वडी कोरडी निघत नाही, वर पाणी साचलेलं असतं. पाणी कधी नळाचं, कधी विहिरीचं. गॅस्केट कुठल्या मापाचं घ्यायचं? क्षार काढायला किराणा दुकानातलं लिंबूसत्व चालतं का? आणि उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) हायड्रोलिकचे सील मिळतात, ते बसवले तर?

पाना_पक्कड
पहिल्या दोन तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत, तिसरी वेगळी. गॅस्केटनं तिसरी जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गॅस्केट: या मशीनला साडेआठ मिमी जाडीचं लागतं. मागवताना मॉडेलचं नाव सांगूनच मागवा, कारण ५८ मिमीच्या सगळ्या ग्रुपांना एकच गॅस्केट बसत नाही. रबर उष्णतेनं कडक होतं, दबतं, म्हणून दांडा जास्त फिरवावा लागतो. जोर लावून आवळत राहिलात तर ग्रुपच्या खाचा झिजतील, आणि तो भाग गॅस्केटच्या किमतीत येत नाही.

काढताना मशीन थोडं गरम करा म्हणजे जुनं रबर नरम पडतं. मग बंद करून प्लगच काढा, हाताला सोसेल इतकं निवू द्या. मधला स्क्रू काढला की शॉवर स्क्रीन (कॉफीवर पाणी सोडणारी जाळी) सुटते. तिच्या वरची जाड चकती दोन ॲलन बोल्टवर असते, ५ मिमीची ॲलन की लागते. बोल्ट क्षारानं धरले असतील तर झटका देऊ नका. बॉयलर ॲल्युमिनियमचा आहे, आटे गेले की संपलं. गॅस्केट दाभणानं उचकटून येतं. येत नसेल तर समोरासमोर दोन बारीक लाकडाचे स्क्रू रबरात फिरवा आणि पक्कडीनं सारखं ओढा. तुकडे पडले तर ते एकेक करून काढायचे.

आता खरं काम: गॅस्केटच्या खाचेत काळा, जळका थर असतो. तो तसाच ठेवून नवीन गॅस्केट बसवलं की ते तिरकं बसतं आणि पुन्हा गळतं. जुना टूथब्रश आणि लाकडी काडी वापरा, पोलादी स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका. नवीन गॅस्केट कोमट पाण्यात भिजवून बोटांनी सगळीकडून सारखं दाबा. एका कडेला उतार असेल तर ती बाजू वर, सपाट बाजू बास्केटकडे (कॉफी भरायची भोकांची वाटी). मग बास्केट काढलेला पोर्टाफिल्टर लावून हळूहळू आवळा म्हणजे ते तळापर्यंत जातं. सुरुवातीला दांडा डावीकडेच थांबेल. थांबू दे, वापरात सरकतो.

शहापूर_पेठ
तिसऱ्या तक्रारीचं मी सांगतो. शॉट बंद केल्यावर ग्रुपमधला दाब थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्वमधून (विजेवर उघडझाप होणारी तीन तोंडांची झडप) ट्रेत सुटायला पाहिजे. तो सुटत नाही म्हणून पाणी वडीवर राहतं. बंद करताना नळीतून फुस्स करून पाणी येतं का बघा. येत नसेल आणि पोर्टाफिल्टर काढताना चोथा अंगावर उडत असेल, तर व्हॉल्व चोंदलाय. (बास्केटमध्ये कॉफी कमी भरली तरी वडी ओली निघते, ते आधी तपासा. चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पूड घालत असाल तर तीही बंद करा. चिकट थर तिचाच.)

आधी बॅकफ्लश (पाणी उलटं ढकलून सफाई): बिनभोकाची बास्केट, त्यात एस्प्रेसो मशीन साफ करायची पावडर २ ते ३ ग्रॅम. १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा. मग पोर्टाफिल्टर धुऊन पावडरीशिवाय तेवढंच पुन्हा. भांड्यांचा साबण घालायचा नाही, फेस व्हॉल्वमध्ये बसतो. स्क्रीन आणि बास्केट त्याच पावडरीच्या गरम पाण्यात १५–२० मिनिटं बुडवा. ॲल्युमिनियमचा भाग मात्र त्यात टाकू नका, काळा पडतो.

एवढ्यानं सुटलं नाही तर वरचं झाकण काढून व्हॉल्व खोलावा लागतो. कॉइलचा नट, कॉइल, मग दांडी. आत प्लंजर आणि स्प्रिंग. भोकात क्षाराची खपली सापडते. लाकडी टूथपिकनं काढा, सुई घालून भोक मोठं करू नका.

टिळकवाडीकर
फुस्स आवाज येत नाही. म्हणजे व्हॉल्वच. मग आधी लिंबूसत्व करू की व्हॉल्व खोलू?

पाना_पक्कड
लिंबूसत्व आधी. क्षार सुटले की खपल्या वाहत जाऊन नेमक्या व्हॉल्वमध्येच अडकतात, म्हणून तो शेवटी खोला. आधी खोललात तर दोनदा खोलाल. गॅस्केट आणि स्क्रीनही लिंबूसत्वानंतरच.

प्रमाण: १ लिटर पाण्याला २० ग्रॅम. थोडं बॉयलरमध्ये घेऊन मशीन बंद ठेवा, १५ मिनिटांनी सोडा, पुन्हा भरा. गरम करू नका. गरम, तीव्र द्रावणात कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन तळाशी बसतं आणि ते क्षारापेक्षा वाईट. रात्रभर तर मुळीच ठेवायचं नाही, आम्ल ॲल्युमिनियमच खायला लागतं. शेवटी मशीनच्या दोन टाक्या भरून साधं पाणी सोडा, निम्मं स्टीमच्या नळीतून. पंप सलग दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

शहापूर_पेठ
एवढं मान्य. पण विहिरीचं पाणी टाकीत घालणं थांबवलं नाही तर हे सगळं परत करायला लागणार की. राकसकोप धरणाचं नळाचं पाणी आणि घरची विहीर यांत फार फरक पडतो. टीडीएस मीटरवर भरवसा ठेवू नका, तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. कडकपणा मोजायच्या पट्ट्या किंवा थेंबांचं किट घ्या. ५० ते १०० पीपीएमच्या आसपास असेल तर बरं. नुसतं आरओचं पाणीही नको; चव सपाट येते आणि धातूला चांगलं नाही. नळाचं मिसळून वापरा.

खानापूर_रोड
सीलचं कुणी बोललं नाही. उद्यमबागेत मापाच्या ओ-रिंग मिळतील, पण हायड्रोलिकची काळी रिंग बहुतेक नायट्राइल रबराची असते. तेलाला उत्तम, वाफेत कडक होऊन तडकते. व्हायटॉन रबराची रिंग महाग म्हणून चांगली असं समजू नका, साधी व्हायटॉनही वाफेत टिकत नाही. ईपीडीएम रबराची मागा, ७० शोअर (रबराच्या कडकपणाचं माप), आणि खाद्यपदार्थाला चालणारी आहे का ते लेखी बघा. स्टीमच्या नॉबच्या दांडीभोवती पाणी येत असेल तर तिथं हीच रिंग लागते. स्टीमच्या नळीच्या टोकातून थेंब पडत असतील तर रिंग नव्हे, स्टीम व्हॉल्वची बैठक बघायची. ग्रुपचं मोठं गॅस्केट मात्र मशीनचंच मागवा, ते कापून घ्यायच्या फंदात पडू नका.

टिळकवाडीकर
रिंगेला खोबरेल तेल लावलं तर चालेल का हो?

खानापूर_रोड
नको. खवट होतं आणि ईपीडीएम तेलानं फुगते. व्हॅसलीननंही ती फुगते. खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस, बोटावर जेमतेम दिसेल एवढं. पण रिंगच सिलिकॉनची असेल तर तेही नको, नुसती ओली करून बसवा.