मदत हवी आहे: अनुमापनाच्या सुरुवातीलाच हेंडरसन समीकरण उलटे उत्तर का देते?

सर्वांना नमस्कार. बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मी ॲसेटिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अनुमापनाचा (टायट्रेशनचा) तक्ता तयार करत आहे. आम्ल २५ मिलि, दोन्ही द्रावणे ०.१ मोलर आणि आम्लाचा पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा अंक) ४.७४ असे धरले आहे. १२.५ मिलि अल्कली टाकल्यावर सामू ४.७४ येतो आणि समतुल्यता बिंदूला (सर्व आम्ल नेमके संपते तेथे) तो ८.७२ मिळतो; त्यामुळे दर्शक म्हणून मिथिल ऑरेंज न वापरता फिनॉल्फ्थॅलीन का वापरायचे, हेही मुलांना नीट पटते.

अडचण सुरुवातीच्या थेंबांची आहे. नुसत्या आम्लाचा सामू २.८७ आहे, पण ब्युरेटमधून फक्त ०.१ मिलि अल्कली सोडल्यावर हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणाने (सामू = पीकेए + log [क्षार]/[आम्ल]) तो २.३४ येतो, म्हणजे अल्कली घातल्यावर द्रावण अधिक आम्लधर्मी झाले असा अर्थ निघतो आणि ते तर शक्यच नाही. आम्लाच्या स्वतःच्या विचरणातून येणारे ॲसिटेट येथे दुर्लक्षित होते, हे कारण मला दिसते. ते धरून वर्गसमीकरण सोडवले की २.९४ हे पटणारे उत्तर मिळते.

माझा प्रश्न असा की, साधे समीकरण नेमके कोणत्या टप्प्यापासून वापरावे, यासाठी आपण वर्गात कोणता निकष सांगता? क्षार (ॲसिटेट) आणि आम्ल यांचे गुणोत्तर ०.१ ते १० ही बफरची (सामू फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणाची) नेहमीची मर्यादा येथे पुरेशी आहे, की हायड्रोजन आयनांची संहती ॲसिटेटच्या तुलनेत किती आहे हे दर वेळी तपासायला लावावे? सौम्य द्रावणांनाही लागू पडेल असा निकष कोणी उदाहरणासह समजावला, तर फार मदत होईल.