मदत हवी आहे: फॉन्टमध्ये पाकळीचा ल कसा आणायचा?

मंडळी, नमस्कार. इंदूरहून लिहितेय.

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका यंदा माझ्याकडे आहे. लेख मराठी, जाहिराती हिंदी आणि इंग्रजी. सगळं एका वळणाचं दिसावं म्हणून पॉपिन्स हा फॉन्ट घेतला. इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४चा, फुकट, नऊ जाडींत मिळतो. इंग्रजी 'ओ' वाटोळा, आणि देवनागरीतही तीच गोलाई: व, ब, क यांची पोटं कंपासने काढल्यासारखी. शीर्षकं फार देखणी दिसतात.

अडलंय ते ल आणि श पाशी. हिशेबाच्या पानाचं प्रूफ आईला दाखवलं. 'शिल्लक' या शब्दावर बोट ठेवून ती म्हणाली, "हे हिंदी का गं?" खरंच, दोन्ही ल हिंदीसारखे उभ्या दांडीचे, श बिनदेठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या वर्णमालेत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आहे. इथे पाट्या, फॉर्म, शाळेची पुस्तकं सगळी हिंदी वळणाची. आमच्या मुलांना मराठी ल दिसतो तो असल्या स्मरणिकेतच, म्हणून मला तो हवाच आहे.

शिवाय ठळक अक्षरात ९ पॉइंटला 'मंडळ'मधला ळ पार बुजतो. मी लिबरऑफिस वापरते.

प्रतिसाद

ताई, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही ल एकाच क्रमांकावर आहेत. कुठला दाखवायचा हे मजकुराची भाषा बघून फॉन्ट ठरवतो, अर्थात त्यात दोन्ही रूपं असतील तरच. मजकूर निवडा, फॉरमॅटमधल्या कॅरेक्टरमध्ये जाऊन भाषा मराठी करा. तिथे हिंदी राहिली असणार. आधी नोटो सान्स देवनागरी या फॉन्टमध्ये 'शिल्लक' लिहून बघा, त्यात मराठी रूपं आहेत. तिथे बदल झाला आणि तुमच्या फॉन्टमध्ये झाला नाही, तर त्या फाइलमध्ये ती रूपंच नाहीत. मग लेख नोटोत लावा आणि पॉपिन्स जाहिरातींना ठेवा.

ळ बुजणारच. एकसारख्या जाडीच्या रेघेने काढलेलं अक्षर ठळक केलं की रेघ पोटात शिरते, आणि आपल्याकडे वर शिरोरेघ, मात्रा, खाली उकार, मध्ये गाठी अशी गर्दी. पॉल रेनरच्या १९२७च्या फुटुरा या गोलाईच्या इंग्रजी फॉन्टातसुद्धा गोल भाग दांडीला मिळतो तिथे रेघ बारीक केलेली आहे, नुसत्या कंपासवर भागत नाही. ९ पॉइंटला रेग्युलर वापरा, फार तर मीडियम. ठळक फक्त शीर्षकांना.

आणि प्रेसला पीडीएफच द्या. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम करणाऱ्यांकडे युनिकोड मजकूर गेला की अक्षरांचा चुराडा होतो.

धागाकर्ती

भाषा हिंदीच होती! नोटोत पाकळी आली, देठही आला. पॉपिन्सचं रात्री बघते. अजून एक: 'किनाऱ्यावर' लिहिताना र चा रफार होऊन 'किनार्यावर' उमटतंय. ते कसं टाळायचं?

प्रतिसाद

साध्या र ऐवजी खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग य.