बोडनला गव्हर्नर कुणी केलं? (आणि सरपंचाचा विषय)

मोहोर: काल इथे कुणीतरी लिहिलं की १७८५ ला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा गव्हर्नर विधिमंडळाने ठरवला तेच बरं, लोकांना काय कळतंय. रात्रभर डोक्यातून जाईना. आधीचा गव्हर्नर हॅनकॉकने राजीनामा दिला, कुशिंग आणि बोडन उभे राहिले, निम्म्यावर मतं कुणालाच नाहीत, मग शेवटचा शब्द सिनेटचा, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचा, आणि सिनेटने बोडनला बसवलं. ती सिनेट कसली तर जो जिल्हा जास्त कर भरतो त्याला जास्त जागा! पुढच्याच वर्षी राज्याच्या पश्चिमेकडचे शेतकरी कर्ज आणि करापायी पेटले, त्यांचा पुढारी डॅनियल शेज उठला, आणि या बोडनने बोस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून फौज पाठवली. वर्गणीतून!!

बाराखडी: अर्धवट सांगू नका. लोकांची मतं पण बोडनलाच कुशिंगपेक्षा जास्त होती. आणि शेजची माणसं स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेली तेव्हा गव्हर्नरने काय बघत बसायचं?

मोहोर: पहिला नंबर त्याचा होता, मान्य. पण तोफा डागल्या आणि चार माणसं गेली, ती शेतकऱ्यांचीच.

गावठाण: सभागृहाने निवडलेला माणूस कसा असतो ते मला विचारा. २०१५ ला आई सरपंचपदाला उभी होती, नऊ सदस्य, पाच आपले. दोन रात्री आधी दोघं गायब. मतदानाच्या सकाळी जीपमधून उतरले, अंगात नवे शर्ट, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. हात वर करताना एकाने आईकडे बघितलं पण नाही, आणि तो आमच्या घरी जेवलेला. २०१७ ला थेट लोकांनी निवडायचा सरपंच आला तेव्हा आई रडली होती.

बाराखडी: वाईट झालं. पण आमच्याकडे थेट सरपंच एका पॅनलचा आणि सदस्य दुसऱ्या, दोन वर्षं पाण्याच्या टाकीचा ठराव अडकलाय, बायका अजून विहिरीवर. २०२० ला थेट निवड काढली ते बरोबर होतं, २०२२ ला परत आणायला नको होती.

गावठाण: म्हणजे पाच माणसं फोडणं परवडलं?? टाकीसाठी आमचं मत विकायचं?

बाराखडी: आवाज चढवू नका. हंडा तुम्ही वाहत नाही.

मोहोर: दोघंही थांबा. टाकीचं दुखणं खरं आहे, एवढं मी मान्य करतो. पण १७८७ ला लोकांनी हॅनकॉकला इतक्या मतांनी परत आणलं की सिनेटला विचारायची वेळच आली नाही, आणि शेजच्या बंडापायी फाशी सुनावलेल्या बहुतेकांना त्याने माफी दिली.