नर्सरीचं पाणी खालच्या विहिरीकडं जातंय, काय करावं?

उतारावरची नर्सरी
राम राम मंडळी. सोरतापवाडीत आमची सव्वा एकर नर्सरी. मोगरा, जास्वंद, क्रोटन छोट्या पिशव्यांत. बिल्डर लोकांसाठी फायकस मोठ्या कुंड्यांत. पाणी वरून तुषारनं, १९:१९:१९ हे विरघळणारं खत पण त्यातूनच. उताराला चर आहे, त्यात हिरवंगार शेवाळ. पुढं खालच्या मळ्यातल्या आबांची विहीर. आबा आता बोलायला लागलेत, आणि मार्चनंतर आमचा बोअर उचक्या देतो. सगळीकडं ठिबक परवडणार नाही.

जुना रोपवाला
सगळीकडं लागतच नाही ताई. गोल कुंड्या एकमेकींना चिकटवून ओळीत मांडल्या तर जागेचा साधारण ७८ टक्के भाग कुंड्यांखाली येतो. मधे एकेका कुंडीएवढी जागा सोडली की तोच २० टक्क्यांवर. म्हणजे तुमच्या फायकसवर पडणारं बरंचसं पाणी वाटेवर. ठिबक फक्त तिथं करा. पिशव्या दाटीनं मांडा, तुषार चालेल. पण खत तुषारातून बंद! मुळाशी द्या, तेही पाणी देऊन झाल्यावर शेवटी.

मग मोजा. पिशवी वाडग्यात बसवा, वाडग्याची कड झाका, शेजारी तेवढ्याच तोंडाचा डबा ठेवा. डब्यात पडलं त्याच्या १०-१५ टक्के वाडग्यात गळालं तर ठीक, क्षार धुवायला तेवढं लागतं. जास्त गळत असेल तर तेच पाणी तीन हप्त्यांत द्या, मधे अर्धा तास सोडून. पिशवीतलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सुकलं की एकदम पाणी पीत नाही, कडेनं सोडून देतं.

शेततळेवाला
चराचं पाणी तळ्यात घ्या, परत फिरवा. खतही वाचतं.

जुना रोपवाला
घ्या, पण मुळकूज पाण्यातूनही फिरते. आधी गाळाचा खड्डा, मग वाळूतून संथ गाळून घ्या. तरी ट्रेमधल्या रोपांना ते नको, फायकसला द्या. तणनाशक मारलेल्या वाटांचं पाणी तळ्यात येऊ देऊ नका.

आबा विहिरीचं पाणी पितात का? खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट तपासा. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं.

उतारावरची नर्सरी
पितात. नातवंड तीन महिन्यांचं आहे, वरचं दूध चालू.

जुना रोपवाला
मग दुधाच्या पावडरीत ते पाणी आजपासूनच नको, नायट्रेट तान्ह्या बाळाला घातक. तपासणी नंतर होईल, आधी आबांना फोन करा.