ज्युदोचा चांगला गेम आहे का? (तेरा वर्षांच्या मुलीसाठी, लॅपटॉपवर)

मॅटवाली_आई
नमस्कार मंडळी. लेक तीन वर्षं ज्युदोला जाते. मागच्या आठवड्यात सरावात पडताना हात टेकवला आणि कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे मॅटवर पाय ठेवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पोरगी घरात नुसती येरझारा घालतेय आणि मोबाइलवर लढती बघून आणखी चिडतेय. क्रिकेट, फुटबॉल, कुस्ती, सगळ्याचे गेम दिसतात, ज्युदोचा धड एक सापडेना. लॅपटॉप जुना, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्लेस्टेशन घेणार नाही, आधीच सांगते. हजार रुपयांच्या आत बसेल आणि रक्ताची थारोळी नसतील असं काही सुचवा.

नाक्यावरचा_पार्लर
ज्युदो म्हटलं की आमच्या पिढीला एकच माणूस आठवणार: किंग ऑफ फायटर्समधला गोरो दाइमोन! पांढरा गी (ज्युदोचा पोशाख), पायात लाकडी खडावा, आणि जमिनीवर असा आपटायचा की समोरचा उभ्या उभ्या आडवा. आमच्या नाक्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये या गेमच्या ९७ च्या मशीनवर दाइमोन घेणाऱ्याशी कुणी खेळायला तयार नसायचं. जवळ आला की उचललाच म्हणून समजा. सगळे क्यो नाहीतर इओरी घ्यायचे, मी एकटा दाइमोनवाला. नाणी संपेपर्यंत शिव्या खायचो.

मॅटवाली_आई
वा! पण खडावा घालून मॅटवर? आमचे सर बाहेर काढतील.

पांढरा_पट्टा_४२
मी चाळिशीत ज्युदो सुरू केला, त्यामुळे हा शोध मीही घेऊन झालोय. निव्वळ ज्युदोचे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकांवर 'उची माता' नावाचा गेम आला होता. नाव वाचून एखादी देवी वाटेल, पण ती आतल्या मांडीवरून उडवायची फेक आहे, हे लेकीला विचारा. त्यावर ब्रायन जॅक्सचं नाव होतं, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधला कांस्यवाला. मग २००६ मध्ये प्लेस्टेशन २ वर डेव्हिड दुइयेच्या नावाचा एक आला. दुइये म्हणजे १९९६ आणि २००० ची दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतलेला फ्रेंच पहाड. दोन्ही गेम आज नव्याने मिळायचे नाहीत.

बाकी ज्युदो ऑलिंपिकच्या गेममध्ये तोंडी लावण्यापुरता. बीजिंग २००८ मध्ये होता, टोकियो २०२० च्या अधिकृत गेममध्येही आहे, पण तिथे खेळाडूला समुद्री चाच्याचा नाहीतर अंतराळवीराचा पोशाख घालून उतरवता येतं, त्यावरून काय ते समजा. त्यातल्या त्यात गंमत मारिओ आणि सॉनिकच्या टोकियो गेममध्ये आहे. ज्युदो ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो १९६४ च्या टोकियोत, म्हणून तिथला ज्युदो जुन्या सपाट चित्रांत ठेवलाय. मारिओ ८ बिटचा, सॉनिक १६ बिटचा. पण त्याला निन्टेन्डो स्विच लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे. ज्युदोतली फेक म्हणजे शेवटचा अर्धा सेकंद. त्याआधी कॉलर आणि बाही धरून समोरच्याचा तोल काढायचा असतो, कुझुशी. तो हाताला कळतो, डोळ्याला नाही. बटन दाबलं की माणूस उडाला, यात ज्युदो कुठे राहिला? आणि नियम तरी किती वेळा बदलावेत! २०१७ मध्ये युको हा छोटा गुण काढला, २०२५ मध्ये परत आणला. गेम करणाऱ्याने गुणफलक तरी कसा रंगवायचा?

रात्रपाळी
व्हर्च्युआ फायटर ५ बघा, रेवो नावाने स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात आहे. त्यात गोह हिनोगामी म्हणून ज्युदोवाला आहे. फेकीतून सुटायचं तर ती कुठल्या दिशेची आहे ते ओळखून तीच दिशा दाबावी लागते. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ओळखायचा खेळ.

पांढरा_पट्टा_४२
गोह छान आहे, पण ठोसे-लाथाही मारतो. शिवाय ग्राफिक्स कार्डाशिवाय त्या लॅपटॉपचा इडलीपात्र होईल.

रात्रपाळी
मग फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड. दिसायला जुनाट, म्हणून मशीनवर भार नाही. दोघं आपोआप भिडतात, आणि भिडल्यावर नेमक्या क्षणी बटन दाबणाऱ्याचा डाव लागतो. नुसतं बडवत बसलात की हरलात. हवे ते खेळाडू बनवता येतात, गी घातलेलेसुद्धा. गेमपॅड मात्र घ्याच, कीबोर्डवर बोटांची गाठ होते.

मॅटवाली_आई
अहो, एक लिहायचं राहूनच गेलं. डावा हात झोळीत आहे. गेमपॅड धरणार कसा? उजवा हात आणि माउस, एवढंच भांडवल.

रात्रपाळी
🤦 कॉलरबोन वाचूनही माझ्या डोक्यात आलं नाही.

सांधेदुखी
मग उत्तर एकच: तोरीबॅश. २००६ चा गेम, स्टीमवर फुकट, कुठल्याही डबड्यावर चालतो. दोन बाहुल्या समोरासमोर. तुमच्या बाहुलीचं नाव तोरी, समोरच्याचं उके. फेकणारा आणि पडणारा, लेकीला सांगायला नको.

यात फेकीचं बटनच नाही. प्रत्येक सांधा माउसने निवडायचा आणि ठरवायचं: आखडायचा, ताणायचा, घट्ट धरायचा की सैल सोडायचा. स्पेसबार दाबला की काळ थोडासा पुढे सरकतो आणि थांबतो. अंग पुढे कुठे जाणार याची फिकट सावली आधीच दिसते. एकट्याने खेळताना घाई नाही, एक हात पुरतो.

ओसोतोगारी ही फेक करायची तर पंजाला पकड द्यायची, तो उकेला चिकटला की कोपर आखडून ओढायचं, त्याचा भार एका टाचेवर आलेला दिसला की मगच मांडी मागे ताणायची. एक चाल आधी केलीत तर तोरीच उताणा. पहिले दोन दिवस माझा तोरी वरातीतल्या काकांसारखा नाचत होता. मॉडच्या (गेमचे नियम बदलणाऱ्या जोडफायलींच्या) यादीत ज्युदो नावाचाच मॉड आहे, तो लावा. तळवे-पावलं सोडून अंग आधी टेकलं तो बाद.

दोन सूचना. रक्त सेटिंगमधून बंद करा, आणि काही मॉडमध्ये हातपाय तुटतात, ते उघडू नका. ऑनलाइन तर मुळीच नको, तिथल्या गप्पा मुलांनी वाचण्यासारख्या नसतात.

तांबडी_माती
@पांढरा_पट्टा, तुमची कुझुशी म्हणजे आमच्या तालमीत वस्ताद 'आधी हलव, मग उचल' म्हणायचे तेच की. आणि इप्पोन सेओइनागे बघितली तर आपली धोबीपछाडच वाटते, फक्त लंगोटाऐवजी अंगरखा.

पांढरा_पट्टा_४२
बरीचशी. पण तुमच्याकडे धरायला बाही नाही, म्हणून हात काखेतून जास्त खोल घालावा लागतो.

मॅटवाली_आई
दहा दिवसांनी लिहितेय. तोरीबॅश टाकला. पहिल्या दिवशी 'हा काय फालतूपणा' म्हणून बंद केला, दुसऱ्या दिवशी जेवायला तीन हाका माराव्या लागल्या. काल एक हाराइगोशी जमली. उके पालथा होऊन तिच्या तोरीच्या कमरेवरून गेला, तो तुकडा तिने मला आठ वेळा दाखवला. एकदा तोरी पडला तेव्हा मागे नेऊन बघत म्हणाली, "हात बघ कसा सरळ ताणलाय. याचंही कॉलरबोन जाणार."

आता तिला तो रिप्ले सरांना पाठवायचाय. जमतं का?

सांधेदुखी
रिप्ले सेव्ह होतो, पण बघायला सरांकडेही गेम लागेल. सरळ मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करा. मोबाइल तुम्ही धरा, तिचा हात माउसवर असू दे.