मुलगा पावणेतीन वर्षांचा, शब्द आहेत पण वाक्य नाही. थांबू की तपासून घेऊ?

आई, पापा, भूभू, दे, नको असे वीसेक सुटे शब्द बोलतो. "पाणी दे" असे दोन शब्द जोडून कधीच नाही. काही हवं असलं की माझं बोट धरून फ्रिजपर्यंत ओढत नेतो. सासूबाई म्हणतात, "ह्याचा बापही उशिराच बोलला, आता बोलायचा थांबतो का?" (ते मात्र खरं आहे.)

मला वेगळंच खटकतंय. "चप्पल आण" म्हटलं की आणतो, म्हणून सगळे म्हणतात, कळतं त्याला सगळं. परवा मी हात मागे घेऊन, चपलेकडे न बघता तेच म्हटलं, तर नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "बॉल उचल आणि आजीला दे" हे तर जमतच नाही. दाराची बेल वाजली की पळतो, नजर देतो, बहिणीबरोबर भातुकलीतला खोटा चहाही पितो.

घरी मराठी, सांभाळणाऱ्या मावशींची हिंदी, प्लेग्रुप इंग्रजी. टीचर म्हणतात, गोंधळ होतोय, घरीही इंग्रजीच बोला. आता सासूबाईंना कुठून इंग्रजी शिकवू?

समजण्यातच अडचण आहे का, हे कसं ओळखायचं? आधी कान की थेट स्पीच थेरपी? आम्ही ठाण्यात राहतो, फार महागडं परवडणार नाही.

प्रतिसाद

मी स्पीच थेरपिस्ट आहे. थांबू नका. दोन वर्षांच्या आसपास मुलं दोन शब्द जोडतात, आणि नुसतं बोलणं उशिरा येण्यापेक्षा समजणं मागे असलं तर आम्हाला जास्त काळजी वाटते. हात मागे घेऊन बघितलंत ते उत्तम. खाणाखुणांवरून ओळखणारी मुलं घरच्यांना सहज चकवतात.

आधी कान. बेलला पळतो एवढ्यावर जाऊ नका. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मोठे आवाज कळतात, स-फ सारखे बारीक निसटतात. टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का, ते बघणारी तपासणी) आणि ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का, ती तपासणी) करा, गरज वाटली तर पुढे बेरा (आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, ती तपासणी) सांगतील. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत कान आणि वाचा दोन्ही तपासतात. सरकारी रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचीही (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र) चौकशी करा.

मराठी अजिबात सोडू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही. शब्द मोजताना मात्र तिन्ही भाषांतले धरा. खोटा चहा पितो ही चांगली खूण आहे, तपासणीत आवर्जून सांगा. आणि घरातला त्याचा एक व्हिडिओ सोबत न्या, नव्या जागी मुलं तोंड उघडत नाहीत.